चार पर्यायांतले शुद्ध वाक्य

साशंक : इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेत वाक्यरचनेचा प्रश्न बहुतेक दोन रूपांत येतो. एकात वाक्याचा तुकडा गाळून चार पर्याय दिलेले असतात. दुसऱ्यात एकाच आशयाची चार वाक्ये मांडून त्यांतले शुद्ध कोणते ते विचारलेले असते. दोन्हींत विद्यार्थ्याला स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. म्हणून पहिली शंका अशी, की योग्य गोल रंगवला म्हणजे त्याला नेमके काय आले असे समजायचे?

एक ठरलेला नमुना पाहावा : '____ ही रीच द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' पर्याय : 'नो सूनर', 'नो सूनर डिड', 'हार्डली हॅड', 'ॲज सून ॲज'. याची युक्ती क्लासमध्ये सुरुवातीलाच सांगितली जाते. 'दॅन' दिसले की 'नो सूनर', 'व्हेन' दिसले की 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली'. क्रियापद मूळ रूपात असेल तर 'डिड', तिसऱ्या रूपात असेल तर 'हॅड'. दहावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'पासून हीच जोडी पाठ झालेली असते. तो स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली, हा अर्थ मनात न उमटताही गुण मिळतो. 'रीच'च्या जागी कोणताही अनोळखी धातू घातला तरी उत्तर बदलत नाही. ज्या प्रश्नाला अर्थ काढून टाकला तरी फरक पडत नाही, तो भाषेचा प्रश्न कसा म्हणायचा?

पुरस्कर्ता : आक्षेप खरा आहे, पण तो त्या प्रश्नाला लागू पडतो, प्रकाराला नाही. ज्यात खुणेचा शब्द उघडा पडलेला असतो तो प्रश्न कच्चा असतो. पक्का प्रश्न कसा असतो हे दुसऱ्या नमुन्यावरून कळेल. मराठीत 'रस्त्याने जाताना त्याला कुत्रा चावला' हे निर्दोष वाक्य आहे. रस्त्याने जाणारा कोण हे 'त्याला' या रूपातून कळते. तो व्याकरणाने कर्ता नसला तरी 'जाताना' त्याच्याकडे सहज ओढले जाते. हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले तर 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम' असे होते, आणि त्यात रस्त्याने कुत्रा चाललेला असतो. इंग्रजीत सुरुवातीचे 'वॉकिंग' मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटते. म्हणून एक तर 'व्हाइल ही वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम' म्हणावे लागते, नाहीतर 'वॉकिंग डाउन द रोड, ही वॉज बिटन बाय अ डॉग'. यांतले एक शुद्ध वाक्य आणि तीन फसवी वाक्ये समोर ठेवली, तर खुणेचा शब्द उपयोगी पडत नाही. चालणारा कोण आणि चावणारा कोण, हे विचारल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

शिवाय अशा प्रश्नाला एक शिस्तशीर पद्धत आहे. आधी काळ दाखवणारी क्रियापदे मोजायची. प्रत्येकाचा कर्ता शोधायचा. क्रियापदे दोन असतील तर त्यांना सांधणारा जोडशब्द आहे का ते पाहायचे. 'द बुक दॅट आय बॉट येस्टरडे ____ ऑन द टेबल' या ओळीत 'बॉट' हे एकच पूर्ण क्रियापद आहे आणि ते 'आय'च्या वाट्याला गेलेले आहे. 'द बुक' क्रियापदाविना राहिले. रिकाम्या जागी 'इज' हवे, 'इट इज' नको, कारण मग एकाच क्रियापदाला दोन कर्ते होतात. मराठी माध्यमाचा विद्यार्थी तेच 'इट इज' हटकून निवडतो, कारण 'मी काल घेतलेले पुस्तक, ते टेबलावर आहे' असे बोलण्यात तो रोज म्हणतो. प्रश्न त्याची ही सवय नेमकी पकडतो.

साशंक : सवय पकडतो हे मान्य. पण शुद्ध काय हे कोण ठरवते, हा दुसरा आक्षेप त्याहून मोठा आहे. मराठीत 'जरी'नंतर 'तरी' हवेच, म्हणून मराठी मूल 'ऑलदो ही वॉज इल, बट ही केम' असे लिहिते. 'बट' चूक, इथवर सगळे एकमत. पण 'दो ही वॉज इल, येट ही केम' याचे काय? रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेल्या पिढ्यांना 'दो–येट' ही मान्य जोडी आहे. आजची अनेक पुस्तके 'येट' अनावश्यक म्हणून काढायला लावतात. एका पुस्तकाप्रमाणे जे उत्तर, ते दुसऱ्याप्रमाणे चूक. 'द कमिटी इज' की 'द कमिटी आर'? अमेरिकेत पहिले, ब्रिटनमध्ये दोन्ही. 'आय सजेस्ट दॅट ही गो' हे अमेरिकी लेखनात नेहमीचे. ब्रिटिश वळणात 'शुड गो' येते आणि 'गोज'ही कानावर पडते. 'नन ऑफ देम'पुढे एकवचन की अनेकवचन, यावर पुस्तके भांडतात.

ही भांडणे परीक्षार्थ्यांना महाग पडतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तीवर हरकती मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका लावतो. हरकतींनंतर कधी उत्तर बदलते, कधी प्रश्नच रद्द होतो. हरकत घेताना पुरावा म्हणून पुस्तकाचे पान जोडावे लागते. वाक्य शुद्ध आहे की नाही याचा निकाल अशा वेळी कोणते पुस्तक प्रमाण मानले यावर लागतो. जिथे अर्ध्या गुणावर निवड हुकते तिथे हा प्रकार अन्यायाचाच ठरतो.

पुरस्कर्ता : वादाचा पट्टा आहे आणि तिथले प्रश्न विचारूच नयेत, हे निःसंकोच मान्य करायला हवे. मात्र त्या पट्ट्यापलीकडचा प्रदेश फार मोठा आहे. 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' हे लंडन, न्यूयॉर्क किंवा पुणे, कुठल्याच प्रमाण लेखनात बसत नाही. मराठीत 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' यांत आतल्या शब्दांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न पोटात गेला की 'डज' गळते आणि 'व्हेअर ही लिव्ह्ज' असा सरळ क्रम येतो. यावर कोणत्याही दोन पुस्तकांत मतभेद नाही.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचेही तसेच. मराठीत 'उमेदवारांची यादी लागली आहे' असे आपण म्हणतो. 'उमेदवारांची' आधी, 'यादी' नंतर आणि तिला लागून क्रियापद. मुख्य नाम क्रियापदाच्या शेजारीच बसलेले असल्याने चूक व्हायला जागाच नाही. इंग्रजीत क्रम उलटतो : 'द लिस्ट ऑफ द कँडिडेट्स'. आता क्रियापदाच्या शेजारी अनेकवचनी 'कँडिडेट्स' येऊन बसतात आणि हात 'आर'कडे जातो. मधे आणखी चार शब्द घातले, 'द लिस्ट ऑफ द कँडिडेट्स सिलेक्टेड फ्रॉम द थ्री डिस्ट्रिक्ट्स', की मुख्य नाम नजरेआड होते. विद्यार्थी वाक्याचा कणा शोधतो की शेवटच्या शब्दावर जातो, हे असा प्रश्न एका ओळीत दाखवतो.

यामागे विचार आहे. रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषातज्ज्ञाने १९५७ मध्ये दोन भाषांची तुलना करून शिकणाऱ्याच्या अडचणी आधी हेरण्याची पद्धत मांडली आणि १९६१ च्या 'लँग्वेज टेस्टिंग' या पुस्तकात त्या अडचणींवरच प्रश्न काढावेत असे सांगितले. मातृभाषा आणि परकी भाषा जिथे वेगळ्या वाटेने जातात, तिथेच चाचणी घ्यायची. दुर्दैव असे, की आपल्याकडचे प्रश्न क्वचितच या दृष्टीने काढले जातात. मराठी मुलाला जी चूक कधी होतच नाही, तिच्यावर प्रश्न येतो. आणि जी रोज होते ती परीक्षेत भेटतच नाही.

साशंक : लाडोचे नाव निघाले, तर त्याच वर्षाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६१ मध्येच जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने असा मुद्दा मांडला, की एकेक नियम सुटा करून तपासण्याने भाषेची एकूण पकड कळत नाही. सगळे एकत्र वापरायला लावणाऱ्या चाचण्याही हव्यात. पुढचा इतिहास कॅरलच्या बाजूने झुकला. परकी भाषा म्हणून इंग्रजी तपासणाऱ्या, १९६४ मध्ये सुरू झालेल्या टोफेल परीक्षेच्या कागदी रूपात वाक्यरचनेचा स्वतंत्र विभाग होता : ४० प्रश्न, २५ मिनिटे, त्यांतले १५ रिकाम्या जागेचे आणि २५ वाक्यातली चूक ओळखण्याचे. २००५ मध्ये इंटरनेटवरची टोफेल आली तेव्हा हा विभाग काढून टाकला आणि बोलण्याचा विभाग आणला. व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठीच्या जीमॅटमध्ये 'सेंटेन्स करेक्शन' हा दरारा असलेला प्रकार अनेक वर्षे होता. २०२३ च्या नव्या स्वरूपात तोही गेला. अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत सुट्या वाक्यांची दुरुस्ती होती. २०१६ पासून तेच प्रश्न उताऱ्यात गुंफले गेले. ज्या संस्थांनी हा प्रकार नावारूपाला आणला, त्यांनीच तो मागे घेतला किंवा बदलला, याचा अर्थ काय घ्यायचा?

ओळखणे आणि करणे यांत मोठे अंतर आहे. चार वाक्यांतले बरोबर वाक्य ओळखणाऱ्याला तहसीलदाराला अर्ज लिहायला सांगितला, तर पहिल्याच ओळीत तो अडखळू शकतो. बोलताना तर समोर पर्याय नसतातच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. बारावीपर्यंत बारा वर्षे हा विषय घेतलेला विद्यार्थी व्याकरणाच्या प्रश्नांत चांगले गुण मिळवतो आणि मुलाखतीत दोन वाक्ये सलग बोलताना थांबतो, हे चित्र घरोघरी दिसते. परीक्षा जे विचारते तेच शिकवले जाते. पर्याय निवडायला शिकवले, म्हणून निवडताच येते.

पुरस्कर्ता : परदेशी परीक्षांचे उदाहरण इथे पूर्ण लागू पडत नाही. टोफेलच्या मुख्य परीक्षेतून तो विभाग गेला तरी शिक्षणसंस्थांनी आपल्या पातळीवर घ्यायच्या 'टोफेल आयटीपी' या परीक्षेत तो आजही आहे. शिवाय त्या परीक्षांजवळ बोलणे आणि लिहिणे तपासायला प्रशिक्षित परीक्षक आणि त्यांचा खर्च भागवणारे शुल्क आहे. इथे काही लाख उमेदवार एका पदाच्या परीक्षेला बसतात. प्रत्येकाचा निबंध तपासायचा तर तो निरनिराळ्या परीक्षकांकडे जाणार आणि एकाच निबंधाला दोन ठिकाणी निरनिराळे गुण पडणार. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०२३ मध्ये अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. ती मागणी तयारीला वेळ मिळावा म्हणून होती. पण तपासणीत सर्वांना एकच माप लागेल का, ही धास्तीही त्या चर्चेत वारंवार ऐकू आली.

न्यायाचा आणखी एक पदर आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. निबंध आणि संभाषण यांत कानावर पडलेले इंग्रजी जिंकते. ज्याच्या घरात, शाळेत, मित्रांत इंग्रजी आहे, त्याचे वाक्य आपोआप वळणदार येते. वाशीम किंवा गडचिरोलीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ते वातावरण मिळत नाही. पण कर्ता शोधणे, क्रियापद मोजणे, जोडशब्द तपासणे हे ती गावातल्या अभ्यासिकेत एका पुस्तकावर शिकू शकते. नियमावर आधारलेला प्रश्न तिच्या मेहनतीला फळ देतो. तो काढून टाकला, तर तिच्या वाट्याची एक वाट बंद होते.

साशंक : या युक्तिवादापुढे थांबून विचार करावा लागतो, कारण तो मुलीच्या बाजूने आहे. तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे : की प्रश्न खरोखर नियमाने सुटतो. कान तयार असलेला विद्यार्थी चारही वाक्ये मनात म्हणून पाहतो, एक बरे वाटते आणि पाच सेकंदांत पुढे जातो. ती मुलगी क्रियापदे मोजत बसते आणि तिला पाऊण मिनिट लागते. शंभर प्रश्नांच्या पेपरात हा फरक जीवघेणा आहे. घड्याळ लावले की नियमाचा प्रश्नही कानाकडेच झुकतो.

मग अंदाजही येतो. चार पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा, अशी पद्धत असेल, तर एका गुणाच्या प्रश्नावर आंधळा अंदाज सरासरीने एक-षोडशांश गुण देतो. म्हणजे फारसे काही देत नाही. पण दोन पर्याय ठामपणे चूक ठरवता आले आणि उरलेल्या दोनांत नाणे उडवले, तर सरासरी तीन-अष्टमांशावर जाते. वाक्यरचनेच्या प्रश्नात दोन पर्याय बहुधा उघडच चूक असतात. अर्धे कळलेल्यालाही पूर्ण गुणाची संधी राहते आणि पूर्ण कळलेल्याहून तो वेगळा दिसत नाही.

पुरस्कर्ता : दोन पर्याय ठामपणे चूक ठरवणे हेही ज्ञानच आहे, त्याला काही मोल मिळाले तर बिघडले काय? मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. या प्रश्नांना लेखनाची परीक्षा समजले की ते अपुरे ठरतात. खरे तर ते वाचनाची परीक्षा आहेत. सरकारी नियम, निविदा, करारनामा, न्यायालयाचा आदेश यांतली इंग्रजी वाक्ये लांब आणि आत आत गुंतलेली असतात. एक वाक्य घ्यावे : 'द ऑफिसर टू हूम द ॲप्लिकेशन सबमिटेड बाय द फार्मर वॉज फॉरवर्डेड हॅज रिजेक्टेड इट.' इथे तीन क्रियारूपे आहेत. 'सबमिटेड' भूतकाळी क्रियापदासारखे दिसते, पण इथे ते 'ॲप्लिकेशन'चे विशेषण आहे : शेतकऱ्याने दिलेला अर्ज. 'वॉज फॉरवर्डेड' हे मधल्या उपवाक्याचे क्रियापद, कर्ता 'ॲप्लिकेशन'. 'हॅज रिजेक्टेड' हे मुख्य क्रियापद, कर्ता 'ऑफिसर', आणि दोघांमध्ये दहा शब्दांचे अंतर. मराठीत 'शेतकऱ्याने दिलेला अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे पाठवला होता, त्याने तो फेटाळला आहे' अशी 'ज्या–त्या'ची जोडी वाचणाऱ्याला हाताला धरून नेते. इंग्रजीत तो आधार नाही. रचना दिसली तरच अर्थ लागतो. उद्या फाईलवर बसणाऱ्या माणसाला ही नजर हवी, आणि ती तपासायला रचनेचाच प्रश्न लागतो.

साशंक : तसे असेल तर सरळ अर्थच विचारावा. हेच वाक्य द्यावे आणि विचारावे : अर्ज कुणी फेटाळला, पाठवला कुणाकडे, दिला कुणी? किंवा दोन्ही शुद्ध असलेली वाक्ये शेजारी ठेवावीत : 'ही स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'ही स्टॉप्ड टू टॉक'. एकात त्याने बोलणे थांबवले, दुसऱ्यात तो बोलण्यासाठी थांबला. पुढचे वाक्य 'द रूम फेल सायलेंट' असेल, तर यांतले कोणते जुळते? इथे 'येट'ची भांडणे येणार नाहीत, अमेरिका–ब्रिटनचा घोळ होणार नाही, आणि युक्तीही चालणार नाही.

पुरस्कर्ता : दुसरा नमुना उत्तम आहे, असे प्रश्न वाढायलाच हवेत. पहिल्यात मात्र अडचण आहे. शेतकरी अर्ज देतो आणि अधिकारी फेटाळतो, हे जग पाहिलेल्या कुणालाही वाक्य न वाचता सांगता येईल. तिथे इंग्रजीशिवाय गुण मिळतो. अर्थाच्या प्रश्नाला व्यवहारज्ञानाची पळवाट आहे, जशी रचनेच्या प्रश्नाला पाठांतराची. ती बुजवायची तर वाक्यातला प्रसंग अनपेक्षित करावा लागतो : शेतकऱ्याकडे पाठवलेला अधिकाऱ्याचा अर्ज शेतकऱ्याने फेटाळला. मग विद्यार्थ्याला शब्दांवर विसंबावेच लागते, पण वाक्य कृत्रिम होते आणि खऱ्या वाचनापासून दूर जाते. एकेक पळवाट बंद करत गेले की प्रश्न भाषेपासून तितकाच लांब सरकतो. यावर अजून कुणाला पक्का तोडगा सापडलेला नाही.

साशंक : म्हणजे वाद आता जिथे आला आहे तिथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. अभ्यास म्हणून हा प्रकार चांगला आहे, अट एकच : उरलेले तीन पर्याय का चूक, हे विद्यार्थ्याने प्रत्येकी एका वाक्यात सांगितले पाहिजे. 'कानाला बरे वाटत नाही' हे कारण चालणार नाही. 'दुसऱ्या क्रियापदाला कर्ता नाही' हे चालेल. निवडीचे माप म्हणून मात्र तो अपुरा आहे, कारण परीक्षेच्या कागदावर ते कारण कुठेच उमटत नाही. तिथे फक्त रंगवलेला गोल असतो, आणि तो नियमाने रंगवला, कानाने की नाण्याने, हे तपासणाऱ्या यंत्राला कळत नाही. या एका गोष्टीवर पुरस्कर्त्याकडून उत्तर आलेले नाही.

पुरस्कर्ता : ते उत्तर देता येत नाही, हे खरे. पण तोच आक्षेप गणिताच्या आणि इतिहासाच्या बहुपर्यायी प्रश्नांनाही लागतो, आणि म्हणून ते कुणी काढून टाकलेले नाहीत. परीक्षेतून वाक्यरचना गेली, तर तीन चुकीच्या पर्यायांची कारणे शोधण्याचा तो अभ्यासही अभ्यासिकांतून जाईल. परीक्षेत नसलेले कुणी शिकत नाही, हा इथला अनुभव आहे. गुण किती द्यावेत यावर मतभेद राहील. एक सुधारणा मात्र आजच करता येण्याजोगी आहे. उत्तरतालिकेत प्रश्नापुढे पर्यायाचा फक्त आकडा छापला जातो. आयोगांनी आणि मंडळांनी त्या आकड्याशेजारी एका ओळीचे कारण छापावे. ज्या प्रश्नाचे कारण एका ओळीत लिहिता येणार नाही, तो प्रश्न काढणाऱ्याने परीक्षेआधीच मागे घ्यावा.